दोन चिन्हांमधली मोकळी जागा

तीन, पाच, सात आणि नऊ या चार संख्यांची सरासरी सहा येते. मी अनुवादलेल्या एका लेखात ती एक चतुर्थांश आली होती.

लेख गणिती चिन्हांच्या इतिहासाबद्दल होता. सामान्य वाचकांसाठीच्या एका विज्ञानलेखसंग्रहातला. मला गणित फारसे येत नाही, पण चिन्हांच्या इतिहासाला गणितापेक्षा भाषेचीच समज जास्त लागते, अशा समजुतीने मी तो हातात घेतला. त्यात एके ठिकाणी, संगणकाच्या एका जुन्या भाषेत सरासरी किती थोडक्यात लिहिता येते ते दाखवायला एक ओळ होती:

(+/ ÷ #) ३ ५ ७ ९

+/ म्हणजे सगळ्यांची बेरीज, # म्हणजे मोजणी, आणि मधे भागाकार. बेरीज भागिले संख्या. सरासरीची व्याख्याच जणू तीन चिन्हांत लिहिलेली. मला ती ओळ आवडली आणि मी तिचे कंस काढून टाकले.

अनुवादकांना कंसांची एक जुनी चीड असते. इंग्रजी लेखक वाक्याच्या मधोमध कंस उघडतो, त्यात आणखी एक वाक्य बसवतो आणि निवांत बाहेर येतो. मराठीत तसे केले की वाचकाचा पाय अडखळतो. म्हणून कंसातला मजकूर वाक्यात मुरवून घ्यायची सवय हाताला लागते. इथेही कंस शोभेचे आहेत असे समजून मी ओळ साफ केली. पुस्तक निघाल्यावर एका विद्यार्थिनीचे पत्र आले. तिने ती ओळ संगणकावर चालवून पाहिली होती आणि उत्तर ०.२५ आले होते. चूक यंत्राची, की पुस्तकाची, की तिची स्वतःची, एवढेच तिने विचारले होते.

चूक माझी होती. पण ती नेमकी कशात होती हे कळेपर्यंत मला एका भाषाकुळाचा साठ वर्षांचा इतिहास वाचावा लागला. त्या वाचनातून हाती आले ते इथे मांडते आहे; कारण हा इतिहास मुळात यंत्रांचा नसून एका प्रश्नाचा आहे, आणि तो प्रश्न आपणा सगळ्यांच्या भाषांमध्ये आहे. दोन पदे शेजारी शेजारी ठेवली आणि मधे काहीच लिहिले नाही, तर त्या मोकळ्या जागेचा अर्थ कोण ठरवतो?

*

केनेथ आयव्हर्सन यांचा जन्म १९२० साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅमरोझ गावाजवळ झाला. सुरुवातीचे शिक्षण एका खोलीच्या शाळेत. मग शाळा सुटली आणि शेतीची कामे आली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना त्यांनी पत्रद्वारा शिकून शालेय अभ्यास पूर्ण केला. पुढे किंग्स्टनचे क्वीन्स विद्यापीठ आणि मग हार्वर्ड. तिथे हॉवर्ड एकेन यांच्याकडे १९५४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि शिकवायला लागले.

शिकवताना त्यांना अडचण आली ती चिन्हांची. आकड्यांच्या लांबलचक रांगा आणि तक्ते यांच्यावर काय काय क्रिया करायच्या हे फळ्यावर नेमके लिहायला रूढ गणिती लेखन पुरेना. म्हणून त्यांनी स्वतःची चिन्हपद्धती घडवली. ती यंत्रासाठी नव्हती, माणसांनी माणसांसाठी फळ्यावर लिहायची होती. १९६० साली ते आयबीएममध्ये गेले आणि १९६२ साली त्यांचे ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक आले. त्या शीर्षकाच्या आद्याक्षरांवरून पुढे भाषेचेच नाव पडले: एपीएल. ॲडिन फाल्कॉफ आणि इतर सहकाऱ्यांबरोबर केलेले तिचे यंत्रावरचे रूप १९६६ साली चालू झाले. तोवर आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टंकयंत्रात अक्षरांचा गोळा बदलता येऊ लागला होता. या भाषेसाठी वेगळ्या चिन्हांचा गोळा तयार झाला आणि फळ्यावरची लिपी टंकता येऊ लागली.

टंकयंत्राला वर-खाली, लहान-मोठे असे काही कळत नाही. सगळे एका ओळीत यावे लागते. आणि एका ओळीत आले की पहिला प्रश्न येतो तो क्रमाचा.

आपण शाळेत ‘कंचेभागुबेव’ पाठ केले: आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आयव्हर्सन यांच्याकडे चारच क्रिया नव्हत्या, डझनावारी होत्या. त्यांची अशी उतरती भाजणी कोण पाठ करणार? त्यांनी सगळी भाजणीच मोडली. सगळ्या क्रिया समान मानाच्या, आणि प्रत्येक क्रिया आपल्या उजवीकडचे सगळे, ओळीच्या किंवा कंसाच्या टोकापर्यंत, आपले मानते. म्हणजे ३ × २ + ४ याचे उत्तर शाळेत १०, इथे १८. कारण गुणाकार त्याच्या उजवीकडच्या सगळ्याला, म्हणजे ‘२ + ४’ला लागतो.

पहिल्यांदा हे उफराटे वाटते. पण त्यातून अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. १ २ ३ ४ या रांगेतल्या पदांमध्ये वजाबाकीचे चिन्ह घालायचे, एवढेच सांगितले आणि उजवीकडून सोडवत गेलो, तर १ − (२ − (३ − ४)) होते आणि उत्तर −२ येते. ते १ − २ + ३ − ४ इतकेच आहे. एकाआड एक चिन्ह बदलणारी बेरीज, जी गणितात पावलोपावली लागते, ती नुसत्या वाचनाच्या दिशेतून मिळाली. नियम एकच, तोही सांगायला सोपा, आणि त्याच्या बदल्यात कंस कमी.

*

इथे मला भाषेचा पहिला धागा दिसला. गणितात एका क्रियेच्या निकालावर दुसरी क्रिया लिहायची तर ‘फ (ग (य))’ असे लिहितात: आधी ग, मग फ. वाचायचे डावीकडून, करायचे उजवीकडून. ही युरोपीय भाषांची षष्ठी आहे. इंग्रजीत ‘ऑफ’ने नाती जोडली की ‘मुलगा भावाचा शेजारणीच्या’ असा क्रम येतो, आणि हे लेखनही तसेच. मराठीत आपण ‘शेजारणीच्या भावाचा मुलगा’ म्हणतो. शोध घ्यायचा तोही त्याच क्रमाने: आधी शेजारीण, मग तिचा भाऊ, मग त्याचा मुलगा. हिंदी, तमिळ, कन्नड या भाषांमध्येही क्रम आपल्यासारखाच आहे. फलनांची बीजगणिती लिपी आपल्यापैकी कुणी आपल्या वाक्यरचनेवरून घडवली असती, तर ती बहुधा उलट्या दिशेने गेली असती. आपली मुले शाळेत ‘फ ऑफ ग ऑफ य’ म्हणतात तेव्हा ती गणिताबरोबर एका परक्या भाषेचा पदक्रमही शिकत असतात, आणि ते कुणी त्यांना सांगत नाही.

आयव्हर्सन यांनी ही दिशा बदलली नाही. उलट तीच सगळ्या भाषेचा कणा केली. पण भाषेच्या बाजूने त्यांनी दुसरे एक पाऊल टाकले. १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एपीएलच्या कोशात त्यांनी गणिती नावे बाजूला ठेवून व्याकरणातली नावे घेतली. आकड्यांची रांग म्हणजे नाम. तिच्यावर काम करणारी क्रिया म्हणजे क्रियापद. क्रियापदाला जोडून त्याचे काम पालटणारे चिन्ह म्हणजे क्रियाविशेषण. +/ मधली तिरकी रेघ ही बेरजेला लागलेले क्रियाविशेषण आहे, ‘सगळ्यांमधून’ अशा अर्थाचे. दोन क्रियापदे जोडणारे ते उभयान्वयी अव्यय. ही नावे वाचताना अनुवादक म्हणून मला घरी आल्यासारखे झाले. माझी चूक झाली ती कदाचित या आपलेपणामुळेच.

*

आयव्हर्सन यांच्या मनात एक इच्छा बरीच वर्षे घर करून होती. गणिती लोक सहज ‘फ + ग’ लिहितात. फ आणि ग ही फलने आहेत, संख्या नव्हेत. तरी त्यांची ‘बेरीज’ म्हणजे काय हे सगळ्यांना कळते. य या संख्येवर फ चालवा, ग चालवा, आणि दोन्ही निकालांची बेरीज करा. एवढी साधी गोष्ट एपीएलमध्ये तितक्याच साधेपणाने लिहिता येत नव्हती. निरनिराळे उपाय सुचवून झाले; प्रत्येकात कुठेतरी जादा चिन्ह किंवा जादा अपवाद शिरत होता.

उत्तर सापडले ते रिकाम्या जागेत. कंसात तीन क्रियापदे नुसती शेजारी लिहिली आणि कंसाच्या आत कोणतेही नाम ठेवले नाही, तर जुन्या एपीएलमध्ये ती चूक ठरत होती. यंत्र ओळ परत करत होते. ज्या रचनेला आजवर अर्थच नव्हता तिला अर्थ देता येतो, आणि तसे केल्याने जुने काहीही मोडत नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या एपीएल परिषदेत आयव्हर्सन आणि त्यांचे जुने सहकारी यूजीन मॅकडॉनेल यांनी ‘फ्रेजल फॉर्म्स’ हा निबंध मांडला. त्यातला पहिला नियम असा:

(फ ग ह) य म्हणजे (फ य) ग (ह य)

दोन टोकांची क्रियापदे य वर वेगवेगळी चालतात आणि मधले त्या दोन निकालांना जोडते. याला त्यांनी ‘फोर्क’ म्हटले. मी त्याला ‘बेचके’ म्हणते. फांदीला फुटलेल्या दोन डहाळ्या आणि त्यांना धरणारा जोड, हे चित्र त्या शब्दात आहे. ‘फ + ग’ आता कंसात अगदी तसेच लिहिता येऊ लागले. आणि (+/ ÷ #) हे असेच एक बेचके आहे: बेरीज एका टोकाला, मोजणी दुसऱ्या टोकाला, मधे भागाकार.

माझी चूक आता उघड होते. कंस काढले की आत नाम नसलेली ती बंद खोली राहत नाही. संख्यांची रांग ओळीत येते आणि नेहमीचा उजवीकडून चालणारा नियम लागू होतो. # ती रांग मोजतो: ४. भागाकाराच्या डावीकडे आता संख्या नाही, म्हणून तो एकट्याने चालतो आणि व्यस्त काढतो: ०.२५. मग +/ त्या एकट्या संख्येची बेरीज करतो: ०.२५. प्रत्येक चिन्ह तेच, क्रमही तोच. फक्त शेजाराचा अर्थ बदलला.

*

त्याच महिन्यात दुसरीकडे काम सुरू झाले. त्या उन्हाळ्यात आर्थर व्हिटनी हे आयव्हर्सन यांच्या किल्न फार्म या ठिकाणी आले होते आणि त्यांनी एका दुपारात, एका पानात मावेल एवढा दुभाषी प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. हाँगकाँगमध्ये जन्मलेले रॉजर हुई यांनी ते पान आठवडाभर अभ्यासले आणि २७ ऑगस्ट १९८९ रोजी, रविवारी दुपारी चारच्या सुमाराला, नव्या भाषेची पहिली ओळ लिहिली. या भाषेचे नाव ‘जे’. एपीएलची खास चिन्हे सोडून तिने साध्या कळफलकावरची चिन्हे घेतली आणि टिंब व विसर्ग लावून त्यांची संख्या वाढवली. भागाकारासाठी तिच्यात % लिहितात. मी इथे ओळखीचे ÷ वापरते आहे.

बेचके तीन पदांचे. मग दोनच पदे शेजारी आली तर? निबंधाने त्यालाही अर्थ दिला:

(फ ग) य म्हणजे य फ (ग य)

य वर ग चालवा, आणि मग मूळ य आणि तो निकाल यांच्यामध्ये फ लावा. याचे नाव ‘हुक’. याला मराठी शब्द शोधताना माझी गंमत झाली. हुक म्हणजे ‘आकडा’. पण आकड्यांच्या भाषेत एका रचनेला आकडा म्हणायचे म्हणजे वाचकाची वाटच लावायची. शेवटी ‘हुक’च ठेवले.

ही रचना आली तर्कशास्त्रातून. मोझेस शोनफिंकेल यांनी १९२० साली गोटिंगेनला दिलेल्या व्याख्यानात, जे १९२४ साली छापले गेले, चल राशींची नावे न लिहिता सगळे तर्कशास्त्र मोजक्या जोडणाऱ्या क्रियांतून उभे करता येते असे दाखवले होते. हॅस्केल करी यांनी पुढे तो विषय वाढवला. शोनफिंकेल यांच्या त्या मोजक्या क्रियांपैकी एक आयव्हर्सन यांच्या हुकशी तंतोतंत जुळते, आणि करी यांच्या मांडणीतली एक बेचक्याशी. म्हणजे ‘य’ हे नाव न घेता सगळे बोलता येण्याची सोय या दोन मुक्या रचनांनी भाषेत आणली. १९९१ साली हुई, आयव्हर्सन आणि मॅकडॉनेल यांनी या लेखनाला जे नाव दिले त्याचा अर्थच ‘न बोललेले’ असा आहे.

न बोललेल्याचे शास्त्र आपल्याला अपरिचित नाही. पाणिनीच्या सूत्रांत एका सूत्रातले पद पुढच्या सूत्रांत न उच्चारता चालत राहते. त्याला अनुवृत्ती म्हणतात. अर्ध्या मात्रेच्या बचतीवर वैयाकरणांना होणाऱ्या आनंदाची थट्टा तर आपण ऐकत आलो आहोत. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी संगणकशास्त्राच्या नियतकालिकाला पत्र लिहून, प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे व्याकरण मांडण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे असे सुचवले होते. आयव्हर्सन यांनी पाणिनीकडून काही घेतले असे मला म्हणायचे नाही. थोडक्यात लिहू पाहणारे लोक वेगवेगळ्या काळात एकाच दारापाशी येतात, इतकेच.

*

ते दार आपल्या स्वयंपाकघरातही आहे. पुरणपोळी आणि पोळीभाजी हे दोन शब्द घ्या. दोन्ही दोन नामांचे, दोन्हींत मधली जागा रिकामी. पण पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी आणि पोळीभाजी म्हणजे पोळी आणि भाजी. शाळेत आपण यालाच समासाचा विग्रह म्हणत होतो: एकीकडे मध्यमपदलोपी, दुसरीकडे द्वंद्व. मराठी बोलणाऱ्याला विग्रह करावा लागत नाही. त्याने दोन्ही खाल्लेले असतात. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला मात्र शब्दाच्या आत बघून काहीच कळत नाही. पोळीभाजी केंद्रावर जाऊन ‘भाजी घातलेली पोळी’ मागणाऱ्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. नियम शब्दावर लिहिलेला नव्हताच.

यंत्राने काहीच खाल्लेले नसते. म्हणून संगणकाच्या भाषेत रिकाम्या जागेला एकच विग्रह नेमून द्यावा लागतो. आणि तो एकदा एकाला दिला की बाकीच्यांना दुसरीकडे सोय बघावी लागते. १९८९ साली दोन पदांची जागा हुकला दिली गेली. त्याची किंमत लवकरच दिसू लागली.

सगळ्यात जास्त लागणारी रचना कोणती? एकानंतर एक. आधी ग, मग त्या निकालावर फ. मी तिला ‘उतरंड’ म्हणते: गाडग्यावर गाडगे. कंसात दोन पदे शेजारी ठेवल्यावर नवख्याला हीच अपेक्षित असते. पण ती जागा हुकने घेतलेली. म्हणून जे भाषेत उतरंडीसाठी वेगळी जोडचिन्हे वापरावी लागतात, आणि लांब माळेत ती हवी असेल तर डाव्या टोकाला [: हे खास चिन्ह घालावे लागते. ‘इथे डावे टोक नाही असे समजा’ एवढेच ते सांगते. न बोलण्यासाठी बांधलेल्या घरात ‘इथे गप्प बसा’ अशी पाटी लावावी लागली.

जोडचिन्हेही एक नव्हेत. जे भाषेत @ आणि @: अशी दोन आहेत. १ २ ३ या रांगेचे वर्ग करून त्यांची बेरीज करायची असेल आणि मधे @: लिहिले, तर उत्तर १४ येते. नुसते @ लिहिले तर १ ४ ९ येते. कारण मग पुढची क्रिया सगळ्या रांगेवर न चालता एकेका पदाच्या वर्गावर वेगळी चालते, आणि एकाच संख्येची बेरीज म्हणजे ती संख्याच. ‘सगळ्यांच्या वर्गांची बेरीज’ आणि ‘प्रत्येकाच्या वर्गाची बेरीज’ यांत मराठीत एका शब्दाचा फरक आहे, तिथे एका विसर्गाचा. आपल्या वाक्यात ‘प्रत्येक’ कुठे आला की तो कुठवर पोचतो, यावर अनुवादकाचे किती दिवस जातात हे मला ठाऊक आहे.

आणि माळ लांबली की सम-विषमाचा खेळ सुरू होतो. माळ उजवीकडून तीन-तीनांच्या बेचक्यांत बांधली जाते, प्रत्येक बेचके पुढच्याचे उजवे टोक होते. पदे सम असतील तर डावीकडे उरलेले एक हुकने अडकते. (फ ग ह) मध्ये ग जोडणारा आहे. उजवीकडे आणखी एक पद वाढवून (फ ग ह क) केले, की ग एका टोकाला जातो, ह जोडणारा होतो आणि फ हुकने लटकतो. एक पाहुणा वाढला आणि पंगतीतल्या प्रत्येकाचे नाते बदलले.

*

पंचवीस वर्षांनी यावर दुसरा निर्णय झाला. ब्रिटनमधल्या डायलॉग कंपनीने आपल्या एपीएलच्या १४.० या आवृत्तीत, २०१४ साली, या मुक्या माळा आणल्या. बेचके जसेच्या तसे घेतले. पण दोन पदांचा अर्थ बदलला: तिथे (फ ग) य म्हणजे फ (ग य). हुक नव्हे, उतरंड.

(− ÷) ४ ही एकच ओळ घ्या. जे भाषेच्या नियमाने चारमधून चाराचा व्यस्त वजा होतो: ३.७५. डायलॉगच्या नियमाने चाराच्या व्यस्ताला ऋण चिन्ह लागते: −०.२५. दोन्ही उत्तरे आपापल्या घरी बरोबर आहेत. त्या वेळी डायलॉगमध्ये काम करणाऱ्यांत रॉजर हुई होते, ज्यांनी जे भाषेत हुक प्रत्यक्ष उतरवला होता. दोन पदांची जागा उतरंडीला देऊन हुकलाच वेगळे जोडचिन्ह द्यायला हवे होते का, हा प्रश्न त्यांनी स्वतः एका टिपणात मांडला होता. २०२० साली मार्शल लॉकबाम यांनी घडवलेल्या बीक्यूएन या भाषेनेही उतरंडच घेतली. जे मात्र आपल्या हुकशी एकनिष्ठ राहिली. तोवर हजारो ओळी त्या नियमावर उभ्या होत्या, आणि मोकळ्या जागेचा अर्थ बदलला तर त्या सगळ्या एकही अक्षर न बदलता वेगळे बोलू लागल्या असत्या.

कोण बरोबर? आयव्हर्सन यांच्या बाजूने बोलायचे तर उतरंडीला आधीच जोडचिन्ह होते. ज्या रचनेला काहीच नव्हते तिला रिकामी जागा देणे हा काटकसरीचा न्याय आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक पटते. कंसाबाहेर ‘फ ग य’ लिहिले तर त्याचा अर्थ फ (ग य) असाच होतो. मग त्यातल्या ‘फ ग’भोवती कंस घातल्याने अर्थ का बदलावा? उतरंडीच्या नियमात तो बदलत नाही. कंस तिथे खरोखरच शोभेचे राहतात आणि माझ्यासारखीने ते काढले तरी बिघडत नाही. हे मत स्वार्थी आहे हे मला कळते. शिवाय ते मला वाचवणारे नाहीच. माझी ओळ तीन पदांची होती आणि बेचक्याचे कंस दोन्ही घरांत तितकेच बोलतात.

*

या सगळ्याच्या मागे मला एक जुनी गोष्ट ऐकू येत राहिली. आपल्या मुलाला इंद्राने मारले म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला, इंद्राला मारणारा जन्मावा यासाठी. मंत्रात पद होते ‘इंद्रशत्रु’. तत्पुरुष मानला तर इंद्राचा मारणारा. बहुव्रीही मानला तर ज्याचा मारणारा इंद्र आहे असा. वेदकाळी हा फरक स्वरावर होता. स्वर चुकीच्या अक्षरावर पडला, वृत्र जन्माला आला, आणि इंद्राच्याच हातून मेला. व्याकरण का शिकावे हे सांगताना पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभी ही गोष्ट आठवली आहे.

लहानपणी ही गोष्ट मी शुद्ध उच्चाराचा धाक म्हणून ऐकली होती. आता मला ती समासाची वाटते. दोन पदे तीच, क्रम तोच, मधे काहीच नाही. आणि त्या काहीच-नाहीचा विग्रह कसा करायचा हे सांगणारी एकच बारीक खूण. पुढे संस्कृतातून ते स्वर गेले आणि विग्रह सांगण्याचे काम भाष्यकारांवर आले. खूण गेली तरी अर्थ जात नाही. त्याचा भार लिहिणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे सरकतो. थोडक्यात लिहिण्याची ही किंमत आहे आणि ती नेहमी दुसराच कुणीतरी चुकवतो. माझ्या बाबतीत ती एका विद्यार्थिनीने चुकवली, आपलेच काही चुकले का असा विचार करत.

आयव्हर्सन यांना १९७९ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या व्याख्यानाचा विषय होता चिन्हपद्धती हे विचाराचे अवजार. ऑक्टोबर २००४ मध्ये टोरांटोत त्यांचे निधन झाले. रॉजर हुई २०२१ साली गेले. त्यांच्या कामाबद्दल वाचताना मला सगळ्यात मोठी वाटली ती गोष्ट त्यांची संक्षेपाची हौस नव्हे. न लिहिलेल्या प्रत्येक जागेचा नियम त्यांनी लिहून ठेवला. जे भाषेचा कोश सांगतो की ओळ उजवीकडून कशी उचलायची, पुढची चार पदे कशी पाहायची आणि कोणत्या नऊ प्रसंगी काय करायचे. सगळे एका छोट्या तक्त्यात मावते. मौन आहे, पण त्याचे व्याकरण चव्हाट्यावर ठेवलेले आहे. ज्याला हवे त्याने तपासावे, आणि पटले नाही तर, हुई यांच्यासारखे, स्वतःच्याच कामाला प्रश्न विचारावा.

त्या विद्यार्थिनीला मी उत्तर लिहिले की चूक यंत्राची नाही आणि तिचीही नाही. पुढच्या आवृत्तीत ते दोन कंस परत आले आहेत. मुद्रितशोधकाने त्यांच्यासमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले होते. मी शेजारी लिहिले, ‘असू द्या, हे बोलतात.’